ऐकणाऱ्याची खोली

सेलू,
पौष शुद्ध ९, शके १८६६

तीर्थरूप अक्कास,
रामलिंगाचा शरणार्थ.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण जिनात हंगाम जोरात आहे. कपाशीच्या गाड्या फाटकापासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत उभ्या असतात आणि इंजन चालवणारा मी एकटा.

सेलूच्या जिनात कोणा बाईचा हात गेला असं सोनपेठच्या बाजारात बोलतात, ते खरं का, असं तू विचारलंस. खरं आहे. तिचं नाव कडूबाई. सरकी आणि रुई वेगळी करणारे रेचे असतात, त्यांत कापूस घालायचं तिचं काम. कार्तिकात एक दिवस दुपारच्या सुट्टीनंतर इंजन सुरू झालं, तेव्हा तिचा उजवा हात रेच्यात होता. मनगटापासून गेला. महिनाभर परभणीच्या दवाखान्यात होती, आता घरी आहे. झालं ते झालं. त्यावर आणखी काय लिहू?

त्यानंतर इथं एक नवीनच प्रकार सुरू झालाय. बाया रेच्याजवळ जायला भिऊ लागल्या. दोघींना उभ्या कामात भोवळ आली. सटवाजी म्हणून गठाणी बांधणारा गडी आहे, दाराएवढा उंच, तो भोंगा झाला की घामानं भिजतो. आमचे मालक हैदराबादला असतात. त्यांनी कुठं तरी वाचलं की विलायतेत मजुरांच्या मनातलं ऐकून घ्यायला कारखान्यात माणूस ठेवतात. झालं! मॅनेजर आबासाहेबांनी दिनकरराव नावाचे एक पेन्शनर मास्तर आणून बसवले. ऑफिसला लागून खोली दिली. तिथं जायचं, खुर्चीवर बसायचं आणि मनाला काय टोचतं ते सांगायचं. मास्तर ऐकणार.

तीन आठवडे झाले. मास्तर बसून आहेत आणि खोली रिकामी. एकटा सटवाजी काय तो एकदा जाऊन आला.

मी तर जाणारच नाही. मला काय झालंय? बापू गेले तेव्हा आपण तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं. आपल्या घरात परक्यापुढं कोणी रडगाणं गायलेलं नाही, मीही गाणार नाही. माणसानं आपलं आपण सोसावं.

संक्रांतीला येणं जमणार नाही. वाट पाहू नकोस.

तुझा
रामलिंग


सोनपेठ,
पौष वद्य ३

चि. रामलिंगास,
चन्नबसम्माचा आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचावं लागलं, कारण अक्षर लागंना. बापूनं तुला आन् मला एकाच पाटीवर शिकवलं. तुझं अक्षर माझ्यापरीस चांगलं. मग आता कोंबडीनं उकरल्यावानी कामून झालंय?

तू सांगणार न्हाईस, म्हणून मीच सांगते. भुजंगअप्पा कापूस घेऊन सेलूला आलते. त्यांनी तुला चहाच्या दुकानात पाहिलं. म्हणले, "चन्नबसम्मा, तुमचा भाऊ लय वाळलाय. मागून हाक मारली तर असा दचकला की कपबशी हातातून पडली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई, उठून गेला."

हात थरथरायलाय, अन्न जाईना, घरी यायला तोंड न्हाई. रामलिंग, मी दुकानात बसणारी बाई हाय. शिंदी पिणारे माझ्यासमोरून रोज जातात. मला लक्षणं शिकवू नको. गळ्यात लिंग बांधलेला माणूस तू, आन् ही थेरं?

संक्रांतीला यायचं म्हंजे यायचं. चारठाण्याचं एक स्थळ आलंय, पोरगी शांत हाय, घर चांगलं हाय. लग्न झालं की सगळं सुटंल. सोबत विभूती पाठवलीय, रोज लाव.

त्या मास्तराकडं कोणी कामून जाईना, ते मला कळंना. ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं. पर तुझं बरोबर हाय, तू नको जाऊस. तुला मास्तर नको, तुला मीच पाहिजे.

अक्का


सेलू,
पौष वद्य ११

अक्का,

शिंदीचा थेंब माझ्या जिभेला लागलेला नाही. भुजंगअप्पांना सांग, दुसऱ्याच्या कपबशीवर नजर ठेवण्यापेक्षा स्वतःचा कापूस वाळवून आणा म्हणावं. आणि चारठाण्याच्या लोकांना नकार कळव. कोणाच्या शांत मुलीला माझ्या गळ्यात बांधू नकोस.

कोणी मास्तरांकडे का जात नाही, हे तुला कळत नाही म्हणतेस. ऐक तर.

सटवाजी गेला होता ना? त्यानं विश्वासानं सांगितलं की भोंगा झाला की माझी छाती धडधडते, गठाणीच्या प्रेसजवळ पाय उचलत नाही. तिसऱ्या दिवशी आबासाहेबांनी त्याला सगळ्यांच्या देखत बोलावलं आणि हसत विचारलं, "काय रे, तुझी छाती धडधडते म्हणे?" त्याचेच शब्द, जसेच्या तसे. मग त्याला आतून काढलं आणि सरकीच्या ढिगावर कामाला टाकलं. जिनात त्याचं नाव आता 'धडधड्या' पडलंय. तो फाटकातून मान खाली घालून येतो आणि तसाच जातो.

त्या दिवसापासून मजूर खोलीच्या बाजूनं जातच नाहीत, लांबचा वळसा घेतात. बायांचं तर आणखीच वेगळं. बंद खोलीत परक्या पुरुषासमोर बसली तर वस्तीत काय बोलतील? आणि सांगायचं कोणाला, ज्याची खोली आबासाहेबांच्या भिंतीला भिंत लावून आहे त्याला? दार एक, भिंत एक, मग कान दोन कसे असतील?

मालकांना वाटतं मजूर अडाणी आहेत, त्यांना भल्याचं कळत नाही. अक्का, आम्हाला चांगलं कळतं. म्हणूनच आम्ही जात नाही. आणि मी तर मुळीच जाणार नाही, मग खोलीत मास्तर बसोत नाही तर प्रत्यक्ष बापू येऊन बसोत.

रामलिंग

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मागच्या पत्रात मी लिहिलं की इंजन सुरू झालं. इंजन आपोआप सुरू होत नसतं. भोंगा झाला आणि रेच्यांचा पट्टा मी चढवला. कडूबाईची किंकाळी ऐकली तेव्हा माझा हात दांड्यावरच होता. आता भोंगा झाला की तो हात उचलत नाही. डाव्या हातानं काम करतो. जेवतोही डाव्यानं. हे पत्रही डाव्यानंच लिहितोय. झालं तुझं समाधान?


सोनपेठ,
माघ शुद्ध २

माझ्या रामलिंगा,

मी चुकले. शिंदीचं लिहिलं ते मागं घेते. तुझं पत्र आलं तवा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हणलं, "आज दुकान बंद." भर बाजाराच्या दिवशी फळी लावली आन् आत जाऊन बसले.

आता तुला एक सांगते. आपल्या घरात कोणी परक्यापुढं बोललं न्हाई, असं तू लिहिलंस. ते खोटं हाय. मी बोलले.

तुझे दाजी पटकीनं गेले, हे तुला ठाऊक हाय. त्याच्या आदल्या दिवशी त्यांना उन्हाची लय तहान लागलती. घरचं पाणी कोमट होतं, म्हणून मी गोदागंगेवरून ताजी घागर आणली आन् माझ्या हातानं पाजली. त्या आठवड्यात वरच्या गावात पटकी लागलती, हे मला ठाऊक नव्हतं. कोणी दवंडी दिली नव्हती. पर मला वाटायचं, मीच मारलं. तीन वर्षं मी घागरीला हात लावला न्हाई. लोकांना वाटायचं, विधवा झाली म्हणून पाण्याला बाहेर निघंना. लय सोवळी हाय म्हणायचे!

मग एक दिवस पलीकडच्या आळीतल्या धुरपताबाईला सांगितलं. ती कुंभारीण. माझ्या जातीची न्हाई, नात्याची न्हाई. स्वामींकडं जावं वाटत होतं, पर मठात सगळे आपल्याला वळखतात, जीभ उचलली न्हाई. धुरपताबाई चाक फिरवत होती. तिनं चाक थांबवलं आन् सगळं ऐकलं. शहाणपण शिकवलं न्हाई, देवाचं नाव घेतलं न्हाई. एवढंच म्हणली, "मग? फुडं सांग." मी फुडं सांगितलं. लय दिवस सांगत राहिले. आज बारा वर्षं झाली. ती गोष्ट सोनपेठात अजून कोणाला ठाऊक न्हाई, म्हंजे तिचं तोंड कसं होतं ते तूच समज. आता तुला ठाऊक झाली.

त्यामुळं सोसावं-बिसावं मला सांगू नको. सोसून मी काय मिळवलं? तीन वर्षं घालवली.

तुझ्या मास्तराचं बी ऐक. तुमी सगळे त्याच्याबद्दल आपसात बोलायलात, पर त्याला कोणी विचारलं का? समोर उभा राहा आन् विचार, आमचं बोलणं कुठं जातं म्हणून. नजर चुकवली तर निघून ये, मी हायेच. पर विचार. लपून न्हाई, चार लोकांत.

आन् आणखी एक. भोंगा झाला आन् तू पट्टा चढवला, यात तुझी चूक काय? भोंगा तर रोजच होतो. रोज कोणाचा हात जात न्हाई. मग त्या दिवशी काय निराळं झालं? आन् कागदावर काय लिहिलंय? हात गेला म्हंजे सरकारी कागद झालाच असंल.

अक्का


सेलू,
माघ शुद्ध ११

अक्का,

तुझं पत्र उशाखाली ठेवलंय. दाजींचं वाचून काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

कागदाचं मात्र विचारू नकोस.

रामलिंग


सोनपेठ,
माघ वद्य ४

रामलिंगा,

तुझ्या तीन ओळी आल्या. त्यानंतर काहीच न्हाई. विचारू नको म्हणलास, म्हंजे मला समजलं. तू सही केलीस. खोट्यावर केलीस. आता मी विचारत न्हाई, मी सांगते: केलेली सही माणसाला मोडता येते. हात तुझा हाय.

शिवरात्र झाली की मी निघते. गंगाखेडपर्यंत गाडीनं, फुडं रेल्वेनं. तू नको म्हणलास तरी येणार.

अक्का


सेलू,
माघ वद्य १२

तीर्थरूप अक्कास,

निघू नकोस. म्हणजे ये, जरूर ये, पण काळजीनं येऊ नकोस. आधी हे पत्र नीट वाच.

होय, मी सही केली. काय निराळं झालं होतं, तेही सांगतो. पूर्वी भोंगा झाला की मुकादम रेच्यांच्या रांगेतून एक चक्कर मारायचा आणि कोणाचा हात आत नाही हे बघून हाक द्यायचा. ती हाक ऐकली की मी पट्टा चढवायचो. दिवाळीनंतर आबासाहेबांनी ती हाक बंद केली. म्हणाले, "त्यात वेळ जातो. भोंगा झाला की चढव." मी एकदा म्हणालो की हे बरं नाही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुन्हा बोललो नाही. त्या दुपारी कडूबाईच्या रेच्यात रुई अडकली होती. रेचा बंद होता म्हणून तिनं हात घालून ती काढायला घेतली. आणि कागदावर लिहिलं गेलं की मजूर बाईनं चालू रेच्यात आपल्या गफलतीनं हात घातला. साक्षीदार म्हणून खाली माझी दस्तखत.

तुझं पत्र काल आलं. आज दुपारी सुट्टीत सगळे अंगणात भाकरी खात बसले होते, साठ-सत्तर माणसं. मी मास्तरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "मास्तर, उठा. तुमची खुर्ची बाहेर घेतो." ते गोंधळले, पण उठले. मी खुर्ची अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली आणि त्यांना बसवलं. लोकांचे घास हातातच राहिले.

मी विचारलं, "मी तुमच्याजवळ जे बोलीन, ते कुठं जातं?"

मास्तर खाली बघत राहिले. मला वाटलं, चुकवली नजर. वळणार होतो, एवढ्यात ते बोलले. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "आबासाहेब रोज संध्याकाळी विचारतात. कोण आलं, काय बोललं. सटवाजीचं मीच सांगितलं. मला वाटलं, त्याला हलकं काम देतील. त्याची अशी थट्टा होईल, हे मला कळायला हवं होतं." मग ते सटवाजीकडे वळले. सत्तरीचा म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "माझं चुकलं."

सटवाजी म्हणाला, "आन् आता?"

"आता सांगणार नाही. नोकरी गेली तरी नाही." त्यांनी कोटाच्या खिशातून एक लहान वही काढून सटवाजीच्या हातात दिली. त्याला वाचता येत नाही. त्यानं ती चाळली, उठला आणि बॉयलरच्या भट्टीत टाकून आला. आल्यावर मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसला. एवढंच.

मग मी बोललो. खोलीत जे कधीच बोललो नसतो, ते सत्तर माणसांपुढं बोललो. पट्टा मी चढवला. रेचा बंद होता. हाक आबासाहेबांनी बंद केली. मी गप्प बसलो आणि खोट्यावर सही केली. माझा हात आता उठत नाही. बोलताना मी रडलो, अक्का. लाज वाटली नाही.

कोपऱ्यातून तानुबाई म्हणाली (रेच्यावरची सगळ्यात जुनी बाई), "आमाला सगळं ठाऊक हाय, रामलिंग. आमी तिथंच होतो की. तू कवा बोलतोस, त्याची वाट बघायलो."

तेवढ्यात आबासाहेब बाहेर आले. "हा काय बाजार मांडलाय? रामलिंग, जे बोलायचं ते खोलीत येऊन बोल."

"खोलीत नाही, आबासाहेब. इथंच."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं कशाला, हा निघालो." मी तेलाची बुधली त्यांच्या पायाशी ठेवली.

त्यांनी भोंगा द्यायला लावला. भोंगा झाला. एकही बाई उठली नाही. तानुबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आधी मुकादमाची हाक, मग आमचा हात." आबासाहेब लाल झाले, ओरडले, नावं घेऊन धमकावलं. बाया भाकरी खात राहिल्या. शेवटी मुकादम स्वतःच उठला, रांगेतून चक्कर मारली आणि हाक दिली. मग त्या उठल्या. मी फाटकात उभा राहून ती हाक ऐकली.

तिथून सरळ तहसील कचेरीत गेलो आणि दुसरी जबानी लिहून दिली. तिथला कारकून म्हणाला, "पहिली खोटी दिलीस असं म्हणतोस, म्हणजे तुझ्यावरच उलटेल. विचार कर." मी म्हणालो, "विचार करूनच आलोय. उलटू द्या." सही करताना उजवा हात वापरला. अक्षरं वाकडी आली. पण केली.

रामलिंग


सोनपेठ,
फाल्गुन शुद्ध १

चि. रामलिंगास,
आशीर्वाद.

पत्र आलं, म्हणून सेलूला निघायचं थांबवलं. ते मी धुरपताबाईला वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं, त्याची माफी. तिच्या तोंडाची मी हमी देते.

इथं काहीजण बोलायलेत की चन्नबसम्माच्या भावानं भरल्या ताटाला लाथ मारली. भुजंगअप्पा बी दुकानात येऊन हळहळले. मी म्हणलं, "अप्पा, माझ्या भावानं ताटाला न्हाई, खोट्याला लाथ मारली. साखर किती देऊ?" गप घेऊन गेले.

तहसीलवाले काय करतील ते करू दे. तुरुंगात टाकलं तर डबा मी आणून देईन. मान खाली घालायची न्हाई.

पर एक काम ऱ्हायलंय. तू सत्तर लोकांपुढं बोललास, सरकारापुढं बोललास. कडूबाईपुढं बोललास का?

अक्का


सेलू,
फाल्गुन शुद्ध १३

तीर्थरूप अक्कास,
रामलिंगाचा शरणार्थ.

तहसीलदारांनी आबासाहेबांना दोनदा बोलावलं. मलाही बोलावलं, खूप दरडावलं, पण अजून बाहेर आहे. पुढं काय होईल ते माहीत नाही. जिनात इंजनावर दुसरा माणूस आलाय, पण मुकादमाची हाक रोज होते, एवढं नक्की. मास्तरांना काढून टाकलं. आता ते आपल्या भाड्याच्या घराच्या ओट्यावर बसतात. मालकाच्या खोलीत न जाणारी माणसं तिथं जातात. बाया दोघी-दोघी मिळून जातात, म्हणजे वस्तीत बोलायला जागा राहत नाही. सटवाजी तर सगळ्यांना सांगून जातो, "मी मास्तराकडं चाललो, कोणाला यायचंय?" आता त्याला धडधड्या म्हणायची कोणाची छाती होत नाही. मीही जातो. मानवतला पिठाच्या गिरणीत इंजनावर काम मिळालंय, आठवड्याची सुट्टी असली की येतो.

तुझं पत्र आल्यावर कडूबाईकडे जायला मला आठ दिवस लागले. तिच्या गल्लीपर्यंत तीनदा जाऊन परत फिरलो. काल सकाळी गेलो. ती दारात बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. मला बघून उठली नाही.

"माफी मागायला आलास का?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"माफी मिळायची न्हाई. हात माझा गेलाय. तुझ्या रडण्यानं यायचा न्हाई." ती पुन्हा सूप हलवू लागली. मग म्हणाली, "पर बस. त्या दिवशी काय झालं, ते मला सांग. सगळ्यांना सांगितलंस म्हणं. दवाखान्यात डॉक्टर आले, कागदवाले आले, आबासाहेबाचा माणूस आला. समदे मलाच इचारायचे, हात कामून घातलास. मी सांगायचे, रेचा बंद होता. कोणी खरं मानंना. शेवटी मला बी वाटाया लागलं की मलाच भ्रम झाला, रेचा चालूच असंल. चार महिने झाले, मीच माझ्यावर इस्वास ठेवीना झाले."

मी जमिनीवर बसलो. म्हणालो, "रेचा बंद होता, कडूबाई. तुझं काही चुकलं नाही." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून ऐकलं. मधे एकदाच म्हणाली, "बंद होता ते पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणालो.

माझं संपलं तेव्हा ऊन दारात आलं होतं. मी उठायला लागलो. ती म्हणाली, "बस खाली. तुझं झालं. आता माझं ऐक."

आणि ती बोलू लागली. दुपार टळेपर्यंत बोलत होती. मी उठलो नाही, काही विचारलं नाही, तिला समजावलं नाही.

ती काय बोलली ते तुला लिहिणार नाही, अक्का.

तुझा
रामलिंग